संगीताच्या तासातून सूट नको

भाद्रपदात आमच्या पेण-रोह्याकडे आरतीस उभे राहणाऱ्यांची परीक्षा कोणी घेत नाही. ज्याच्या हाती टाळ येईल त्याने टाळ वाजवावा, ज्याच्या हाती न येईल त्याने टाळ्या वाजवाव्यात. ज्याचा सूर लागत नाही तोही गातो आणि ज्यास पद पाठ नाही तोही चरणाच्या शेवटी सर्वांस गाठतो. घरातील एखादे मूल डोळ्यांनी अधू असेल, एखाद्याचा हात चालत नसेल, एखाद्याची समज वयाच्या मागे असेल, तरी त्यास ‘तू बाहेर बस’ असे आजी-आजोबांनी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. शाळेत मात्र कित्येक ठिकाणी हेच मूल संगीताच्या तासाला वाचनालयात बसविले जाते, किंवा मागच्या ओळीत उभे करून नुसते ओठ हलविण्यास सांगितले जाते, किंवा ‘उगाच त्याला त्रास नको’ म्हणून त्याच्या नावापुढे सूट लिहिली जाते. ही सूट दयाबुद्धीने दिली जाते, हे आम्ही जाणतो. तरीही ती नको, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडावीत म्हणून हा लेख.

सरकारदरबारी आता ‘अपंग’ हा शब्द मागे पडून ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द गोड झाला; तासाची रीत मात्र पुष्कळ ठिकाणी पूर्वीचीच राहिली. सन २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अशा सुमारे २९ लाख ६३ हजार व्यक्तींची नोंद झाली होती. म्हणजे हा काही चार-दोन घरांचा प्रश्न नव्हे. सन १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते. सन २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते २१ केले. या अधिनियमाच्या २९ व्या कलमात एक गोष्ट अशी आहे, की तिजकडे वकिलांखेरीज फारसे कोणाचे लक्ष गेले नसावे. कला व संस्कृती या विषयांचे अभ्यासक्रम दिव्यांगांस भाग घेता येईल अशा रीतीने पुन्हा बेतावेत, असे त्यात शासनाच्या कर्तव्यांमध्ये सांगितले आहे. कायदा येथे मुलास बदलावयास सांगत नाही; पाठ बदलावयास सांगतो. आमचे म्हणणे तेच आहे.

आणि पाठ बदलणे आपल्या संगीतात जितके सोपे आहे, तितके ते दुसऱ्या कोणत्याही विषयात नसेल. भूगोलास नकाशा लागतो, भूमितीस आकृती लागते. आपले संगीत शतकानुशतके मुखाने दिले गेले व कानाने घेतले गेले. गुरूने म्हणावे, शिष्याने मागून म्हणावे. चुकले तर गुरूने पुन्हा म्हणावे. आमच्या भागातील भजनी मंडळांत आजही पुष्कळ पदे अशीच उतरतात. तेथे वही कोणी उघडत नाही.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे नाव संगीत शिकणाऱ्या प्रत्येक मुलास ठाऊक असते. परंतु ते संगीताकडे का वळले, हे फार थोड्यांस ठाऊक असते. सन १८७२ मध्ये कुरुंदवाड येथे जन्मलेल्या या मुलाच्या डोळ्यांस लहानपणी फटाक्याच्या अपघाताने इजा झाली. वडील कीर्तनकार होते. अक्षरे नीट दिसेनात, शाळेचे शिक्षण पुढे जाईना, तेव्हा मुलगा मिरजेस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकू लागला. बुवांच्या विद्येस पुस्तक लागत नव्हते, म्हणून पुस्तक वाचू न शकणाऱ्या मुलास ती घेता आली. त्याच मुलाने पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले, वर्ग पाडले, क्रमिक पुस्तके काढली आणि आपल्या गाण्यास लेखनपद्धती दिली. ज्याची दृष्टी अधू, त्यानेच स्वर कागदावर मांडावेत, हा योग विलक्षण खरा. त्यांच्यामुळे संगीत घराघरांत गेले, शाळांत आले, आणि त्या ऋणातून आपण मुक्त होऊ शकत नाही. तथापि वर्गाबरोबर फळा आला, फळ्याबरोबर स्वरलिपी आली, आणि गाता येणे व स्वरलिपी वाचता येणे या दोन गोष्टी शिक्षकांच्या मनात एक होऊन बसल्या. लिपी ही सोय आहे. ज्यास ती दिसत नाही त्याच्यासाठी मिरजेचा जुना मार्ग बंद झालेला नाही.

प्रथम दृष्टिहीन मुलांविषयी. पेटी शिकविताना शिक्षक बोटाने दाखवून ‘हे असे’, ‘येथून येथे’ म्हणतात. डोळस मुलास ते कळते. न दिसणाऱ्या मुलास ‘असे’ आणि ‘येथे’ हे शब्द निरर्थक होत. तेथे ‘काळी एकच्या लगत डावीकडची पांढरी’ असे म्हटले, की काम झाले. पेटीवरील काळ्या पट्ट्या दोन व तीन अशा गटांत बसविलेल्या आहेत. त्या बोटांस सहज लागतात व त्यांवरून बारा स्वरांचे घर सापडते. पेटी घडविणाऱ्याने जणू अंध मुलासाठीच ही खूण ठेवली, असे वाटावे. तबल्यावर शाई कोठे संपते व किनार कोठे लागते, हे तर डोळ्यांपेक्षा बोटांसच अधिक कळते. तालाचा ठेका समजाविण्यासाठी पुठ्ठ्यावर मात्रेस एक चिंचोका, टाळीस एक गुंडी, आणि खालीच्या जागी एक भोक, इतके चिकटविले म्हणजे त्रिताल हाताने वाचता येतो. ज्यांस पुढे लिहिता-वाचता यावे असे वाटते, त्यांच्यासाठी ब्रेल लिपी आहेच. लुई ब्रेल हा स्वतः पॅरिसमध्ये ऑर्गन वाजवीत असे, आणि सन १८२९ च्या त्याच्या पहिल्या पुस्तकातच शब्दांबरोबर संगीतही ठिपक्यांनी कसे लिहावे ते दिले आहे. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल सन १९५१ मध्ये मान्य झाली. मुंबईत अंध मुलांची शाळा सन १९०० मध्येच अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अ‍ॅना मिलार्ड यांनी काढली होती; दादर येथील कमला मेहता अंध शाळा ती हीच.

येथे एक गैरसमज दूर करणे आम्हांस अगत्याचे वाटते. आंधळे मूल म्हटले, की ते गाणारच, असे लोक धरून चालतात. आगगाडीच्या डब्यात गळ्यात पेटी अडकवून गाणारे पाहून हा समज अधिकच पक्का झाला आहे. वस्तुतः डोळे गेले म्हणून गळा गोड होत नाही. ज्या मुलास गणिताची आवड आहे त्यास गणित शिकवावे. संगीत त्यास इतरांइतकेच मिळावे. ते त्याच्या गळ्यात उदरनिर्वाहाचे साधन म्हणून बांधू नये.

बहिऱ्या मुलांविषयी लिहू लागलो, की वाचक हसतील, हे आम्ही जाणून आहोत. ऐकू येत नाही त्यास संगीत कसले? परंतु आपल्या तालाकडे थोडे निरखून पहावे. त्रितालाच्या १६ मात्रा आपण हातावर मोजतो. पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेस टाळी पडते, नवव्या मात्रेस हात मोकळा सोडतात. म्हणजे आपला ताल डोळ्यांना दिसतो. ही सोय आपल्या पूर्वजांनी बहिऱ्यांसाठी केलेली नाही, पण ती त्यांच्या उपयोगी पडण्यासारखी आहे. शिवाय नाद हा केवळ कानाने कळतो असेही नाही. मृदंगाच्या डाव्या पुडीस कणीक लावून थाप मारली, की तिचा कंप शेजारी बसलेल्याच्या छातीत उमटतो. मूल फरशीवर बसविले तर हे फारसे कळत नाही. लाकडी फळ्यांच्या व्यासपीठावर अनवाणी बसविले, किंवा ढोलकीच्या खोडावर तळवा ठेवू दिला, तर कळते. स्कॉटलंडमधील एव्हलिन ग्लेनी या विदुषी वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या. आज त्या जगातील अग्रगण्य तालवादकांत गणल्या जातात, व कंप पायांना कळावेत म्हणून पुष्कळदा अनवाणी वाजवितात. प्रत्येक बहिरे मूल ग्लेनीबाई होणार नाही, जसे प्रत्येक ऐकणारे मूल भीमसेन जोशी होत नाही. दोघांनाही तासाला बसण्यास तेवढे कारण आडवे येऊ नये.

अलीकडे पुष्कळ मुलांच्या कानांत यंत्रे असतात, व काहींस शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसविलेले यंत्रही मिळाले आहे. पालक समजतात, की आता सर्व ऐकू येते. तसे नसते. शस्त्रक्रियेने बसविलेल्या यंत्रातून लय चांगली पोहोचते. स्वरांची उंच-नीचता मात्र पुसट पोहोचते. तेव्हा अशा मुलास पहिल्याच दिवशी सारेगम म्हणावयास लावून ‘बेसूर आहे’ असा शिक्का मारणे अन्यायाचे होय. आधी लय द्यावी, सूर मागून. आणि पत्र्याच्या छपराखालील सभागृहात, जेथे प्रत्येक शब्दाचे चार प्रतिध्वनी उठतात, तेथे त्यास शेवटच्या बाकावर बसवू नये. आरतीच्या वेळी आम्ही एक गोष्ट नेहमी पाहतो. बहिरे मूल टाळ्या आनंदाने वाजविते, पण आरती थांबली हे त्यास कोणी सांगत नाही. सर्वांचे हात थांबल्यावर त्याचे एकट्याचे हात वाजत राहतात, आणि मंडळी हसतात. थांबण्याची खूण हाताने देणे एवढीच त्यास उणीव असते. ही खूण देणारा एक सोबती वर्गात नेमावा, आणि तो दर महिन्यास बदलावा, म्हणजे सर्वांस हे काम येईल.

हातापायांनी अधू असलेल्या मुलांबाबत अडचण बहुधा वाद्याची असते, आणि वाद्ये तर माणसाने नेहमीच बदलून घेतली आहेत. पेटीचेच पहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती फ्रान्समध्ये निघाली तेव्हा तिचा भाता पायांनी चालवावा लागे व वाजविणारा आसनावर बसे. आपले गवई जमिनीवर मांडी घालून बसतात. त्यांच्यासाठी त्याच शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची पेटी तयार केली. आज आपण जिला आपली समजतो ती पेटी म्हणजे बैठक निराळी असलेल्या लोकांसाठी केलेला एक बदलच होय. (या बिचारीसही एकदा वर्गाबाहेर बसविले होते. आकाशवाणीने सन १९४० मध्ये तिला बंदी केली, व ती उठण्यास १९७१ पर्यंत वाट पहावी लागली.) ज्या मुलाचा एक हात चालत नाही, त्यास हाताची पेटी एकट्याने वाजविता येत नाही, कारण एक हात भात्यास लागतो. मग भाता शेजारच्या मुलाने चालवावा. दोन मुलांनी एक पेटी वाजविण्यात दोघांसही लय राखावी लागते, आणि भाता ओढणाऱ्यास श्वास व सूर यांचा संबंध असा कळतो, जसा तो पुस्तकातून कधी कळणार नाही. संगीत नाटकांच्या काळातील पायपेटी कोठे अडगळीत पडली असेल तर तिचा प्रश्नच सुटला.

पहिल्या महायुद्धात पाउल विट्गेनश्टाइन या पियानोवादकाचा उजवा हात गेला. त्याने वादन सोडले नाही. त्याच्यासाठी फ्रेंच रचनाकार राव्हेल याने केवळ डाव्या हाताने वाजवावयाची एक मोठी रचना केली, व ती सन १९३२ मध्ये व्हिएन्ना येथे प्रथम वाजविली गेली. दोन्ही हात धड असलेले वादकही आज ती रचना वाजवितात. आपल्याकडे राव्हेल नसेल, पण ज्याची मूठ वळत नाही त्याच्या मनगटास कापडी पट्ट्याने टिपरी बांधता येते, तिच्या दांड्यास सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड करता येते, पायात घुंगरू बांधता येतात. ज्याची जीभ अडखळते असे मूल बोलण्यात थांबते, पण गाण्यात बहुधा थांबत नाही. हा अनुभव पुष्कळ शिक्षकांस असेल. अशा मुलास वर्गासमोर उभे राहून आपला आवाज सरळ ऐकू येण्याची दुसरी जागा शाळेत सहसा नसते. तीही सूट देऊन काढून घेणे आम्हांस क्रूरपणाचे वाटते.

ज्यांची समज हळू चालते त्यांच्याविषयी थोडक्यात सांगता येईल. एका वेळी एक ओळ, तीच ओळ पुष्कळ वेळा, तासाचा आरंभ रोज त्याच पदाने व शेवटही रोज त्याच पदाने, इतके केले म्हणजे मूल तासाची वाट ओळखू लागते. स्वमग्न मुलांची गोष्ट निराळी आहे. त्यांतील कित्येकांस मोठ्या आवाजाने खरोखर वेदना होतात. रोह्यास धावीर महाराजांच्या पालखीला ढोल सुरू झाले, की जे मूल कान झाकून धावत सुटते, त्यास लोक हट्टी म्हणतात. ते हट्टी नसते. तेच मूल तंबोऱ्याजवळ अर्धा तास निश्चल बसेल. त्यास झांज वाजण्यापूर्वी सांगावे, दाराजवळ जागा द्यावी, कानांवर आवरण घालू द्यावे, आणि तो बाहेर गेला तर परत येण्याची मुभा ठेवावी. आमचे आरतीचे कौतुक येथे थोडे कमी करावे लागते. आरतीत सर्वांस जागा आहे खरी, पण अशा मुलास तेथे कोणी विचारीत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. इतर मुलांचे पालक म्हणतील, आमच्या मुलांचा वेळ जातो. आमच्या मते तो सत्कारणी लागतो. हातावर ताल मोजणे, डोळे मिटून स्वर ओळखणे, दुसऱ्याच्या भात्यावर आपली बोटे चालविणे, यांत डोळस व ऐकत्या मुलांचाही अभ्यास होतो. शिक्षक म्हणतील, साठ मुले, आठवड्यास एक तास, आणि आम्ही एकटे. हा आक्षेप खरा आहे. त्यास गोड उत्तर देऊन आम्ही तो उडवून लावणार नाही. एका शिक्षकाने सर्व काही करावे असे म्हणणे म्हणजे काहीच होऊ नये असे म्हणणे होय. सोबती विद्यार्थी, सवड असेल तेव्हा येणारा एखादा भजनी गृहस्थ, आणि पालक, यांच्या साह्याखेरीज हे चालावयाचे नाही. आणि तासांची संख्या वाढविण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्यांनीही याचा विचार करावा.

तिसरा धोका आम्हांस अधिक वाटतो, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. वर्षभर तासाबाहेर बसविलेले मूल स्नेहसंमेलनाच्या दिवशी रंगमंचावर आणतात. ते दोन ओळी गाते, प्रेक्षकांचे डोळे ओले होतात, टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा वाचनालयात. या टाळ्या त्याच्या गाण्यास नसतात. आमच्या मुलांस आम्ही सांगू इच्छितो, की आपल्या सोबत्याचा सूर चुकला तर चुकला असे सांगा. शिक्षकांनीही तसेच सांगावे, पुन्हा म्हणवून घ्यावे, आणि साधले तर शाबासकी द्यावी. न शिकविता दिलेले गुण व न ऐकता दिलेल्या टाळ्या या दोन्हींत त्या मुलाविषयी आपण काहीच अपेक्षा ठेवीत नाही, एवढेच प्रकट होते. बाळकृष्णबुवांनी कुरुंदवाडच्या मुलास डोळ्यांमुळे सवलतीत गाणे शिकविले असते, तर तो लाहोरपर्यंत पोहोचला नसता.

पालकांस आमची विनंती आहे, की जूनमध्ये शाळा सुरू होताना मुलाचे प्रमाणपत्र कार्यालयात देऊन थांबू नये. संगीताच्या शिक्षकांस भेटावे, व मुलास कोणता आवाज आवडतो, कोणता सोसत नाही, कोणत्या कानाने अधिक ऐकू येते, कोणता हात चालतो, घरी ते काय गुणगुणते, हे सांगावे. ही माहिती कोणत्याही प्रमाणपत्रावर नसते. लाज वाटत असेल तर आजीस पाठवावे. बहुतेक घरांत तिलाच ती अधिक ठाऊक असते. साहित्य म्हणाल तर फार लागत नाही. लाकडी फळ्यांचा एक लहान चौथरा, दोन-चार कापडी पट्टे, पुठ्ठे, चिंचोके व गुंड्या. पट्टे गावातील कोणताही शिंपी शिवून देईल; चिंचोके मुलांनी सुटीत गोळा करून आणावेत.